मराठवाड्याचं पुढच्या दहा वर्षांचं अर्थकारण: सोयाबीन, बिडकीन आणि मधली पोकळी

गोदाकाठ (धागाकर्ता)

२०२४ च्या जून-जुलैत संभाजीनगरजवळच्या बिडकीन औद्योगिक पट्ट्यासाठी लागोपाठ तीन मोठ्या घोषणा झाल्या. एथरचा दुचाकींचा कारखाना, जेएसडब्ल्यूचा विजेवरच्या गाड्यांचा प्रकल्प आणि टोयोटा किर्लोस्करचा सुमारे २० हजार कोटींचा सामंजस्य करार. त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर लातूर, हिंगोली, परभणीच्या बाजारांत सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखाली विकलं जात होतं. दोन्ही बातम्या एकाच विभागातल्या, पण एकीचा दुसरीशी काडीचा संबंध नाही. मला या धाग्यात त्याबद्दल बोलायचंय.

मराठवाड्याचा विषय निघाला की आपण अनुशेषावर, म्हणजे राहून गेलेल्या विकासाच्या हिशेबावर येतो. दांडेकर समितीचा अहवाल १९८४ चा. केळकर समितीचा अहवाल विधिमंडळात मांडला गेला त्यालाही दशक उलटलं. वैधानिक विकास मंडळाची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. अनुशेषाची मागणी रास्तच आहे, ती सोडू नये. पण त्या हिशेबात सिंचन, रस्ते, शाळा, दवाखाने मोजले जातात. इंडोनेशियाने डिझेलमध्ये पामतेल मिसळायचं प्रमाण ४० टक्क्यांवर नेलं तर औसा-निलंग्यातल्या सोयाबीनच्या भावाला काय फरक पडतो, हे त्यात कुठेच येत नाही. आणि गेल्या पाच वर्षांत आपल्याला वर नेऊन खाली आपटलंय ते अशाच गोष्टींनी.

२०२१ चा ऑगस्ट आठवा. लातुरात सोयाबीन दहा हजारांच्या पुढे गेलं होतं. त्याच महिन्यात केंद्राने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. डिसेंबरात बाजार नियामक सेबीने सोयाबीनचे वायदे, म्हणजे पुढच्या महिन्यांच्या भावाचे सौदे, थांबवले आणि ती बंदी पुढे वाढवत नेली. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण आयातशुल्क ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर नेलं, तेव्हा आता भाव उठणार असं सगळेच म्हणत होते. भाव उठला नाही. मे २०२५ च्या अखेरीला तेच शुल्क १६.५ टक्क्यांवर आणलं, म्हणजे पेरणीच्या तोंडावर.

माझं म्हणणं असं. आपल्याकडून कच्चा माल बाहेर जातो आणि माणसंही बाहेर जातात. मधली पायरी, म्हणजे तेल, पेंड, डाळ, सूत, गाड्यांचे सुटे भाग, ही संभाजीनगर-जालना सोडून उरलेल्या सहा जिल्ह्यांत नीट उभी राहिली तरच पुढची दहा वर्षं बरी जातील. नाहीतर बिडकीन भरभराटीला येईल आणि हिंगोली दरडोई उत्पन्नाच्या यादीत आज जिथे तळाजवळ आहे तिथेच राहील.

---

पोटलीभाव

आडतीत उभं आयुष्य गेलं, म्हणून एका मुद्द्यावर सविस्तर लिहितो. शुल्क वाढवूनही भाव का उठला नाही?

सोयाबीनला आपण तेलबी म्हणतो, पण क्विंटलमागे तेल निघतं १८ किलोच्या आसपास. बाकीची बहुतेक पेंड. त्यामुळे सोयाबीन गाळणारा प्लांटवाला भाव काढताना आधी पेंड किती रुपयांना जाईल ते बघतो. तेलावरचं शुल्क वाढलं की तेल महागतं, आणि हिशेबाच्या लहान बाजूला आधार मिळतो. मोठी बाजू पडलेली असेल तर तेवढ्याने काही होत नाही.

आणि ती बाजू पडलीय हे नक्की. देशात मका आणि तांदळापासून इथेनॉल बनवायचे कारखाने वाढले. त्यांच्यातून जो चोथा उरतो, त्याला बाजारात डीडीजीएस म्हणतात, तो कोंबडीखाद्यात सोयापेंडीच्या जागी जायला लागला. स्वस्त आहे, त्यात प्रथिनं बऱ्यापैकी आहेत. खाद्यवाला कशाला जास्त पैसे देईल? बाहेरही तेच. ब्राझील, अमेरिकेत बायोडिझेलसाठी गाळप वाढलं, त्यांना तेल हवंय, पेंड मागोमाग निघतेच आणि ती जगभर स्वस्तात जाते. आपली पेंड जनुकीय बदल न केलेल्या बियाण्याची, त्याला युरोपात थोडा जास्त भाव मिळतो. पण तेवढं गिऱ्हाईक पुरत नाही.

लातुरात सकाळी पोटली निघते, म्हणजे नमुन्यावरून दिवसाचा भाव निघतो, तेव्हा बाहेरच्या माणसाला वाटतं की भाव तिथे ठरला. खरं तर प्लांटचे भाव त्याआधीच फोनवर आलेले असतात. त्यांच्यामागे शिकागोचा रात्रीचा वायदेबाजार असतो.

गोदाकाठ साहेब, मधली पायरी हवी हे मान्य. पण प्लांट नाहीत असं नाही. देशातल्या सोयाबीन प्लांटची गाळपाची ताकद पिकापेक्षा कितीतरी जास्त आहे. सीझन ओसरला की बरेच प्लांट बंद किंवा अर्ध्यावर चालतात. आणखी चार टाकले तर तेही बंद राहतील. डाळ मिलचंही तसंच आहे. मोझांबिक, म्यानमारची तूर बिनशुल्क येत राहिली, पिवळा वाटाणा डिसेंबर २०२३ पासून जवळजवळ दोन वर्षं बिनशुल्क येत राहिला. लातूरची मिल चालू राहिली, पण बाहेरच्या मालावर. मिल आपली असली म्हणजे शेतकऱ्याला भाव मिळतोच असं नाही.

---

रुमणं

पोटलीभाव काका, प्लांटला माल का पुरत नाही त्याचं उत्तर आमच्या रानात आहे. आपल्या देशाची सरासरी हेक्टरी दहा क्विंटलच्या आसपास आणि ब्राझीलची त्याच्या तिप्पट. एवढ्या फरकावर कोणतं शुल्क पुरं पडणार?

लोक म्हणतात शेतकरी मेहनत करत नाही. तसं नाहीये. आमचं पीक सगळं पावसावर. ऑगस्टमध्ये शेंगा भरायच्या वेळेला तीन आठवड्यांचा खंड, आणि काढणीला आलं की सप्टेंबरचा मुसळधार पाऊस. त्यात पिवळा मोझॅक रोग. बियाणं वर्षानुवर्षं तेच, घरचं नाहीतर दुकानदार देईल ते. परभणीच्या विद्यापीठाचं एमएयूएस ६१२ हे वाण आमच्या भागात बऱ्यापैकी पसरलंय, ६१२ आणि रुंद सरी-वरंबा दोन्ही केलं तर पाण्याचा ताणही सोसतं आणि जास्त पाण्याचा निचराही होतो. मी स्वतः करतो. पण सगळ्यांकडे सरी-वरंब्यावर पेरायचं यंत्र नाही आणि वेळेवर भाड्याने मिळत नाही, कारण वापसा आला की सगळ्यांना एकाच दोन दिवसांत पेरायचं असतं.

आणि २०२५ च्या सप्टेंबरचं काय सांगू. धाराशिव, बीड, लातूर, नांदेड, आमचा परभणी जिल्हा, सगळीकडे उभी पिकं पाण्यात. राज्य सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. पीक गेलं ते पुढच्या वर्षी येईल. नदीकाठची जमीन खरडून गेली तिथे माती परत आणून टाकायची म्हणजे गाळ मिळायला हवा, तो भरायला मशीन हवं आणि त्यावर पुन्हा काही वर्षं शेणखत. गावात ज्यांचं रान असं गेलंय त्यांना सोयाबीनचा भाव पाच हजार की सहा हजार याचा आज काही उपयोग नाही.

---

वाळूजवाला

धागाकर्त्यांच्या पहिल्याच परिच्छेदातल्या "काडीचा संबंध नाही" याला माझी हरकत आहे. वाळूजमध्ये बजाजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. तेव्हाही लोक हेच म्हणत होते. आज गंगापूर, वैजापूर, फुलंब्री, पैठणच्या किती घरांत एक तरी पगार वाळूज-चिकलठाण्याचा आहे ते फिरून बघा. शेतीत तोटा आला तरी त्या घरांतली पोरं शाळेतून निघत नाहीत. हा संबंधच आहे.

पण कारखाना आला की जगाच्या लाटा शेतावर येतात तशाच इथेही येतात, हे मात्र लोकांना कळत नाही. आमच्याकडून रिक्षा आणि मोटारसायकली आफ्रिकेत जातात. २०२३ च्या जूनमध्ये नायजेरियाचं चलन कोसळलं आणि तिथलं गिऱ्हाईक आटलं. त्याचा ताण आमच्यासारख्या सुटे भाग बनवणाऱ्यांवर आला, ओव्हरटाइम बंद. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मूलद्रव्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्यांची अट घातली, तर विजेवरच्या दुचाकी बनवणाऱ्या कंपन्यांवर उत्पादन थांबवायची वेळ आली. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकी आणि रिक्षांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, ट्रॅक्टरवरचा १२ वरून ५, त्याने बाजार हलला. म्हणजे वारा तिकडचा असो की दिल्लीचा, आम्हालाही लागतोच.

माझी खरी काळजी वेगळी आहे. वाळूजची लहान युनिटं उभी राहिली ती इंजिनाच्या भागांवर. गिअर, शाफ्ट, कास्टिंग, व्हॉल्व्ह. विजेवरच्या गाडीत यातलं निम्म्याहून जास्त लागतच नाही. बिडकीनला नव्या गाड्या बनतील, पण त्यांची बॅटरी, मोटर, कंट्रोलर जर चीनमधून किंवा तमिळनाडूतून आले तर आपल्या हाताला फक्त जोडणी राहील. मोठा कारखाना येणं महत्त्वाचं आहेच, पण त्याच्याभोवतीची शंभर लहान वर्कशॉप बदलू शकतील का, त्यांना त्यासाठी कर्ज कोण देईल, याची चर्चा कुठेच होत नाही. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर २०२५ मध्ये चांगलाच खाली आला, पण लहान युनिटच्या कर्जावर तेवढा उतरत नाही. आणि तारण मागतात ते जमिनीचंच.

---

सळई

जालन्याहून थोडक्यात. आमच्या सळईच्या कारखान्यांचा जीव विजेच्या दरात आहे. भंगार वितळवायला वीजच लागते, खर्चाचा मोठा वाटा तोच. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने पोलादावर १२ टक्के संरक्षण शुल्क लावलं, तेव्हा इकडे अभिनंदनाचे फोन आले. पण ते सपाट पोलादावर होतं, पत्रे आणि कॉइल. सळईला त्याचा थेट फायदा नाही. दिल्लीत पोलाद उद्योग म्हणतात तेव्हा डोळ्यासमोर मोठे एकात्मिक कारखाने असतात, जालना नसतं. ड्रायपोर्टचं, म्हणजे कोरड्या बंदराचं भूमिपूजन डिसेंबर २०१५ मध्ये झालं, तेव्हापासून जालन्याचा माल थेट बंदरात जाणार हे ऐकतोय.

---

सरकी

सगळे सोयाबीनवरच बोलताय, कापसाचं कुणीतरी लिहायला हवं म्हणून लिहितेय.

ऑगस्ट २०२५ मध्ये दोन गोष्टी एकाच महिन्यात झाल्या. अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं, तिरुपूरच्या कपड्यांच्या ऑर्डर अडकल्या. आणि त्या उद्योगाला दिलासा म्हणून केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क १९ ऑगस्टपासून माफ केलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. गिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा हे समजू शकते. पण ऑक्टोबर ते डिसेंबर हाच आमच्या वेचणीचा काळ. वॉशिंग्टनच्या निर्णयाची किंमत परभणी-नांदेडच्या कापसाने चुकवायची, असा तो हिशेब झाला.

हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० होता. तो मिळवायचा तर सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) ॲपवर आधी नोंदणी. त्याला सातबारा लागतो. आमच्या भागात कितीतरी बायका नवऱ्याच्या, सासऱ्याच्या नावच्या रानात सगळी शेती एकट्या करतात. ठोक्याने रान करणाऱ्यांचं तर नावच कुठे नसतं. त्यांचा कापूस गावात येऊन घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याकडेच जातो, तो म्हणेल त्या भावाला.

मधल्या पायरीबद्दल गोदाकाठ म्हणतात ते कापसाला सगळ्यात जास्त लागू पडतं. आपल्याकडे जिनिंगपर्यंत, म्हणजे सरकी वेगळी करण्यापर्यंत काम होतं, मग गाठी गुजरात नाहीतर तमिळनाडूला. सरकी पेंड तेवढी इथे राहते. आपल्याकडच्या सहकारी सूतगिरण्या बहुतेक बंद पडल्या, आणि का पडल्या हे प्रत्येक तालुक्याला माहीत आहे. ज्यांच्या ताब्यात त्या होत्या त्यांना सूत कातायचं नव्हतं. पुन्हा मधली पायरी उभी करायची तर ती कुणाच्या मालकीची, हा प्रश्न आधी सोडवा.

---

बालाघाटी

सरकी ताईंशी पूर्ण सहमत. बीडचं सांगतो.

आमची निर्यात म्हणजे माणसं. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या कारखान्यांवर. मुकादमाची आगाऊ उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवायचा नाही. यावर पूर्वीही भरपूर बोललं गेलंय. मला पुढची दहा वर्षं दिसतात ती वेगळी आहेत. ऊसतोडणी यंत्रं वाढतायत, सरकार अनुदान देतंय, कारखान्यांनाही टोळीपेक्षा यंत्र सोपं. ज्या दिवशी उचल मिळणं बंद होईल त्या दिवशी बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या घरांचं वर्षाचं गणित मोडेल. ते काम वाईट आहे म्हणून बंद व्हावं असं मलाही वाटतं, पण त्याच्या जागी काय, हे ठरलेलं नाही.

१७ सप्टेंबर २०२५ ला बीड ते अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली. कितीतरी पिढ्यांनी वाट बघितली. माझ्या दृष्टीने तिचा उपयोग तेव्हा, जेव्हा आमचा पोरगा कोयता न घेता आयटीआय करून त्याच गाडीने जाईल, आणि सीताफळ, शेळ्या, दूध त्याच गाडीने जाईल. सध्या तरी मालगाडीचा विषय कुणी काढलेला नाही.

---

हरंगुळ

लातूरच्या रेल्वे डबा कारखान्याचा उल्लेख कसा नाही? ३१ मार्च २०१८ ला भूमिपूजन, २०२० च्या डिसेंबरात पहिला सांगाडा बाहेर आला. मग १२० वंदे भारत स्लीपर गाड्यांचं कंत्राट, त्यात रशियन कंपनी भागीदार. करार २०२३ मध्ये झाला तेव्हा युक्रेनचं युद्ध दीड वर्ष चालू होतं. आराखड्यांवरच बरेच महिने गेले. इथल्या पोरांनी फिटर, वेल्डरचे कोर्स करून ठेवलेत.

तरीही मला या कारखान्याकडून बिडकीनपेक्षा जास्त आशा आहे. कारण तो लातुरात आहे. सीट, खिडक्या, वायरिंग, आतले पॅनल यासाठी लहान पुरवठादार लागतातच, आणि ३५ वर्षं देखभालीचं काम आहे. वाळूजला १९८५ नंतर जे घडलं ते इथे घडू शकतं, फक्त पाण्याची खात्री हवी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणलेलं शहर आहे हे. गुंतवणूकदार ते विसरत नाही.

---

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. वाळूजवाला, गंगापूर-वैजापूरचं मान्य. माझं बोलणं उरलेल्या सहा जिल्ह्यांबद्दल आहे. हिंगोलीहून शिफ्टची बस येत नाही.

पोटलीभाव काका आणि सरकी ताई यांनी मिळून माझा मुद्दा नीट केला. प्लांटची संख्या वाढवून उपयोग नाही. माल वर्षभर मिळायला हवा आणि त्यात शेतकऱ्याची भागीदारी हवी. शेतमाल तारण योजना बाजार समित्यांकडे कितीतरी वर्षांपासून आहे. गोदामात माल ठेवा, पावतीवर कर्ज घ्या, भाव आल्यावर विका. लोक वापरत नाहीत, कारण सोयाबीन काढलं की लगेच उधारी फेडायची असते आणि गोदाम तालुक्याला असतं. गावगटाला गोदाम, वाळवणीची सोय आणि प्रतवारी एवढं जरी झालं तरी प्लांटला मे-जूनपर्यंत माल मिळेल. ओलाव्याचंही बघा. हमीभावाने खरेदीला १२ टक्क्यांची अट. २०२४ मध्ये ती १५ पर्यंत सैल केली, पण नोव्हेंबरात, गरजूंचा माल विकून झाल्यावर. गावात वाळवणी असती तर ही विनवणीच लागली नसती.

दुसरं म्हणजे आयातशुल्क पेरणीआधी जाहीर व्हावं आणि काढणी संपेपर्यंत त्याला हात लावू नये. हे दिल्लीतच होईल. पण त्यासाठी मराठवाड्याचे खासदार पक्ष बाजूला ठेवून एकदा तरी एकत्र बोललेले मला आठवत नाहीत.

---

पोटलीभाव

शुल्क पेरणीआधी जाहीर व्हावं याला माझा पाठिंबा. वायदेही पूर्ववत चालायला हवेत. लोक त्याला सट्टा म्हणतात, पण वायदा चालू होता तेव्हा रुमणंसारख्या माणसाला जूनमध्ये निदान कळायचं की ऑक्टोबरात बाजार काय म्हणतोय. तो आरसा काढून घेतल्यावर फक्त प्लांटवाल्यालाच दिसायला लागलं.

---

रुमणं

काका, एक विचारतो. आमच्या शिवारात दोन वर्षांपासून सोयाबीनचं रान कमी होऊन मका वाढतोय. लोक म्हणतात इथेनॉलवाले घेतात, रोगराई कमी, पाऊस जास्त झाला तरी तग धरतो. पण तुम्ही वर लिहिलं तसं, मका वाढला की इथेनॉल वाढणार, मग तो चोथा वाढणार, आणि आमच्याच उरलेल्या सोयाबीनचा भाव अजून खाली जाणार. त्यातही २०२५ च्या काढणीला मकाच २,४०० च्या हमीभावाखाली गेला, कारण इथेनॉलला सरकारी गोदामातला तांदूळ मिळाला. मग जून आला की पेरायचं काय? हळदीचा खर्च मला झेपत नाही, बेणं आणि शिजवणी मिळून फार होतं.

---

पोटलीभाव

रुमणं, सोयाबीन पूर्ण सोडू नका, पण त्यात तुरीच्या ओळी वाढवा. पिवळ्या वाटाण्यावर १ नोव्हेंबर २०२५ पासून ३० टक्के शुल्क लागलंय, ते टिकलं तर डाळींना थोडा आधार राहील. आणि ६१२ चं बियाणं स्वतः राखा, उगवण तपासून गावात विका. बियाण्याच्या सोयाबीनला प्लांटचा भाव लागत नाही, पेरणीच्या वेळचा लागतो. तुमच्याकडे वाळवायला फरशी आहे का? पावसात भिजलेलं बियाण्याला चालत नाही, तेवढं एक बघा. बाकी मेच्या शेवटच्या आठवड्यात शुल्काचं काय होतंय ते कळलं की मी इथेच लिहीन.